कुटुंबातील एकूण व्यक्ती

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे,
शिंपी आणि मोबाइलवाला यांच्या मधल्या गाळ्यात
मी लोकांचे अर्ज भरतो.
पानाला अर्धा दिनार,
घाम पुसायला कागद फुकट.

ऑगस्टमध्ये गर्दी विजेच्या बिलांची.
सवलतीचा अर्ज, सवलत का थांबली त्याचा अर्ज,
मीटर नवऱ्याच्या नावावर आणि नवरा कबरस्तानात,
असली प्रकरणं.

उम्म राशिद आली तेव्हा दुपारचा एक.
अबायाच्या काठावर घामाचं मीठ फुटलेलं.
पिशवीतून बिलं काढली, रबराने बांधलेली,
मे, जून, जुलै.
म्हणाली, माझ्या घराला बादगीर होता,
वारा धरून खाली सोडायचा, पैसे न मागता.
दिराने त्याचं तोंड सिमेंटने लिंपलं,
एक भोक ठेवलं, त्यात यंत्र बसवलं.
आता ते यंत्र मला खातंय.

मी खामगावचा. उन्हाळा मला कुणी शिकवू नये.
वाळ्याचे ताटे, कूलरच्या टाकीत बादल्या ओतणारी पोरं,
चपलेला धरून ठेवणारं डांबर, सगळं पाहिलंय.
पण तिकडचं ऊन समोरून येतं, सांगून येतं.
इथली हवा ओल्या घोंगडीसारखी
मागून अंगावर पडते,
रात्री अकरालासुद्धा.

रकाने भरत गेलो.
उत्पन्न: नवऱ्याचं निवृत्तिवेतन.
खोल्या: चार. वापरात: एक.
कुटुंबातील एकूण व्यक्ती?
"दोन."
दुसरी कोण?
"लक्षुम्मा."

कडप्पाची लक्षुम्मा, तेरा वर्षं तिच्याकडे कामाला.
दोघी एकाच खोलीत निजतात, एकच यंत्र चालावं म्हणून.
एक घोरते, दुसरी जागी राहते,
पाळीपाळीने.

खाला, कामवाली ह्यात धरत नाहीत.
"तिला उकडत नाही का?"

ह्याला रकाना नव्हता.
मी एक लिहिलं.
अरबी एक म्हणजे नुसती उभी रेघ,
भिंतीला टेकलेल्या माणसासारखी.
अक्षरं तिला वाचता येत नाहीत, आकडे येतात.
त्या रेघेकडे ती बराच वेळ बघत राहिली,
मग अंगठा दिला, गरजेपेक्षा जोरात.

सतरा दिवसांनी मंजुरी आली.
ती खजूर घेऊन आली, डब्यासकट.
"तुझं बिल किती येतं?"

आमचं म्हणजे चौघांचं:
मी, वाशिमचा दौलत, त्रिश्शूरचा शाजी, नेपाळचा डंबर.
रात्री दहा ते चार यंत्र, पुढे खिडकी.
भिंतीवर तक्ता, कोण किती रात्री ड्यूटीवर होता,
तेवढा त्याचा वाटा वजा.
पंचवीस फिल्सवरून दौलत आणि शाजी
आठवडाभर बोलले नव्हते.

"मग तूही अर्ज कर की," ती म्हणाली,
"तुला तर फुकटात पडेल."

खाला, पहिल्याच ओळीत नागरिकत्व विचारतात.

ती काही बोलली नाही.
खजुराची बी तोंडात घोळवत राहिली,
मग माझ्याच कागदात गुंडाळून घेऊन गेली.

तिच्या घराची मागची भिंत आणि आमची खिडकी
ह्यांच्यात एक बोळ,
हात लांबवला तर पोचेल एवढा.
तिच्या यंत्राची नळी त्या बोळात ठिबकते.
डंबरने खाली तेलाचा डबा ठेवलाय,
त्या पाण्यावर त्याचा पुदिना तरारलाय.
सरकारी पुदिना, असं शाजी म्हणतो,
आणि चटणी मात्र सगळ्यात जास्त तोच खातो.

काल पहाटे चारला आमचं यंत्र बंद केलं.
एकदम शांतता, मग डब्यातला आवाज.
त्याच्या पलीकडे आणखी एक, जरा लांब,
कोरड्या फरशीवर, नवा.
डंबर अंधारात उठला, दुसरा डबा शोधायला.
मी पडल्या पडल्या मोजलं.
दोन.