जांबोटीला दहा मिनिटं

गाडीची कानडी पाटी मी अजून अक्षर लावून वाचतो,
पत्ते मात्र एका नजरेत.

उद्या दहाला गणित. तिसऱ्यांदा.
डिग्रीत तेवढंच राहिलंय,
आणि मी पणजीच्या गाडीतून उतरून चहा घेतोय.

परवा शहापुरात बाबांनी माग थांबवून विचारलं,
"पोकर म्हंजे तीनपत्तीच न्हवं?"
"न्हाई, यात गणित असतंय."
"मग गणितातच कसा उडालास रे?"
हसलो दोघंही.
त्यांनी माग सुरू केला, पुढचं ऐकू आलं नाही.

खिशात चाळीस हजार, जिंकलेले.
हरलेले वहीत, मागच्या पानावर, पेन्सिलीनं.
नव्या पोरांना मीच सांगतो:
चांगला पत्ता टाकून उठणं सगळ्यात अवघड.
कुठला चांगला, ते सांगत नाही.

कंडक्टर घंटी मारतो.
समोरून बेळगावची गाडी, दिवे लावून, वळण घेते.
चहा अजून गरम आहे.