तागडीवाली

बँकेतला पोरगा, कुदो,
माझ्यापुढे तीन रेघा ठेवतो.
निळी, करडी, आणि एक हिरवी, साऱ्या जगाची.
"तोकिए-सान, यातली कुठली धरायची?"
जणू मी पडद्याचं कापड घ्यायला आलेय.

काचेबाहेर हाचिनोहेचं बंदर.
लिलावघराच्या पत्र्यावर बर्फ भुरभुरतोय.
एकेचाळीस वर्षं मी तिथे काट्यापाशी उभी होते,
रबरी बूट, गळ्यात दोरीला पेन्सिल,
म्हाकुळाच्या पेट्यांमागून पेट्या.
रेघा मला कळत नाहीत, पोरा. वजन कळतं.
तेव्हा आधी सांग,
हे तोललं कुणी, आणि कसं?

तो जरा दचकतो. निळीवर बोट ठेवतो.
निक्केई. सव्वादोनशे कंपन्या.
ज्याच्या एका शेअरचा भाव चढा, त्याचं वजन जास्त.
"म्हणजे हजार बांगडे आणि एक ट्यूना,
आणि ट्यूनाच्या एका नगाच्या भावावरून ठरवायचं
आज समुद्र कसा होता?"
तो हसतो. म्हणतो, एक कपडेवाली कंपनी आहे,
ती शिंकली की निळीला पडसं होतं.

करडी, टोपिक्स. इथे अख्खी पेटी तोलतात.
मालक जे विकायला काढतच नाही, ते वगळून.
हे बरं. हे आमच्यासारखं.
"पण फुगलेल्याचं वजन वाढतच जाणार?"
"हो."
"ओला मासा जड भरतो, माहितीये ना?
आम्ही पाणी निथळू द्यायचो."
त्याच्या तक्त्यात निथळायला जागा नाही.

हिरवीत जग किती, विचारलं.
शंभरात साठाहून जास्त अमेरिका, म्हणाला, आवाज खाली आणून.
मग तिला जग कशाला म्हणतोस.

आणि यादीतून जे काढले जातात, ते?
"त्यांच्या जागी दुसरे येतात."
येतात. आमच्या फळ्यावरही यायचे.
खडूने लिहिलेली होड्यांची नावं,
बुडालेली, विकलेली, भंगारात गेलेली
ओल्या फडक्याने पुसायचं काम माझंच.
फळा कायम भरलेला दिसे.
नव्या माणसाला वाटे, या बंदरात होडी कधी हरवतच नाही.

किंजीने निळी निवडली नव्हती.
दुपारी तीनला रेडिओ तेवढीच सांगायचा.
कॅलेंडरच्या पाठीमागे तो आकडा लिही,
एकोणनव्वदच्या डिसेंबरात लाल गोल केला,
अडतीस हजार नऊशे पंधरा,
आणि नव्या वर्षात सगळी बचत घेऊन गेला.
पुढची बावीस वर्षं
त्याच अक्षरात, न चुकता, उतार.
शेवटचा आकडा आठ हजारांच्या घरातला,
दवाखान्याच्या पाकिटावर.

तो लाल गोल ओलांडला गेला, त्या दिवशी मी
शेजारणीकडे मुळे द्यायला गेले होते.
रात्री कळलं.
भात गार झाला होता, तो तसाच खाल्ला.

"करडी," मी म्हणते, आणि शिक्का उमटवते.
कुदो कागद गोळा करतो.
"आता रोज बघत बसू नका, आजी."
करडीकडे कशाला बघू.
आकडा मी निळीचाच लिहिणार, तीन वाजून गेल्यावर,
या वर्षीचं कॅलेंडर पाठीमागून अजून कोरं आहे.
"मग पैसे एकीकडे, आणि लक्ष दुसरीकडे?"
त्याचं लग्न झालेलं नसावं.

घरी जुना काटा आहे,
निवृत्तीच्या दिवशी दिलेला, पितळी.
त्यावर मी काही तोलत नाही.
फक्त सोमवारी पुसते,
रिकामं पारडं थांबेपर्यंत थांबते,
आणि काटा शून्यावर आणते.