मोडून बाहेर

लिंग्वाग्लॉस्सा. गावाच्या नावातच दोनदा जीभ,
एकदा लॅटिन, एकदा ग्रीक,
तरी इथली माणसं मोजकंच बोलतात.
बोलायला वर एटना आहे. तिला सगळे नुसतं 'ती' म्हणतात.

परवापासून राख पडते आहे.
क्रोचिफिस्सा लेओत्ता, लॅटिनची जुनी मास्तरीण,
एका हातात छत्री धरून गच्ची झाडते,
आणि पोती भरता भरता
इलेनियाला इंग्रजी शिकवते.
पोरीला लीड्सच्या इस्पितळात जायचं आहे.

"इरप्ट," इलेनिया वाचते. "म्हणजे तीच ना, वरची?"
"ती नंतर. आधी शब्द हातात घे."
मास्तरीण बदामाचं बिस्कीट उचलते.
कट्.
"रुम्पेरे. मोडणं. एवढंच.
पुढचा ए म्हणजे बाहेर.
मोडून बाहेर. यात आग कुठे आहे? राग तरी?"

मग सगळं गणगोत निघतं.
कुणाचं बोलणं मध्येच तोडलं, तो इंटरप्ट.
बुडालेल्या सराफाचा बाक भर बाजारात मोडायचे म्हणे,
तो बँकरप्ट.
इथे ती जरा थांबते.
तिच्या भावाचं स्कीचं दुकान, वर बर्चच्या रानात,
एका रात्रीत काळ्या दगडाखाली गेलं.
मोडायला बाकसुद्धा उरला नाही.

"आणि रूट. रस्ता.
रान मोडून काढलेली, ती वाट.
म्हणजे वाट आधी नसते, इलेनिया.
फुटते."

इलेनिया वहीत लिहिते. अक्षरांवर राख.
निघायची तारीख तिने अजून आईला सांगितलेली नाही.
ओठांपर्यंत येते,
आणि आल्या पावली परत जाते.

नोव्हेंबरात फोनवर तिचा आवाज, लीड्सहून, सर्दाळलेला:
"बाई, दाढ दुखत होती.
दंतवैद्याने कागदावर काय लिहिलं सांगू?
पार्शली इरप्टेड.
म्हणाला, अक्कलदाढ आहे, वेळ घेणारच."

क्रोचिफिस्सा निरोप दोनदा ऐकते.
जिभेने आपली मागची हिरडी चाचपते,
तिथे आता काहीच नाही.
आणि रिकाम्या स्वयंपाकघरात तिला एकदम हसू फुटतं,
एवढं मोठ्याने, की खालून शेजारीण
खिडकी उघडून विचारते:
"काय गं, पुन्हा सुरू झाली का ती?"