एक्केचाळीस

रुस्तावीच्या तांत्रिक शाळेत
वेल्डिंग शिकवणारं यंत्र आलं तेव्हा
गोचामास्तरांनी आधी त्याचा प्लग बघितला.
"ठिणगी कुठून निघते?"
निघत नाही, मास्तर. नुसती दिसते.

आम्ही अकरा जण.
डोक्यावर हेल्मेट, मुठीत थंडगार होल्डर,
डोळ्यांपुढे कधीच न तापणारं लोखंड.
चुकलं की कड लाल होते.
कोन सांगतं, वेग सांगतं,
अंतर मिलिमीटरमध्ये सांगतं,
आणि खेकसत नाही.
पुन्हा कर म्हणतं. शंभरदा म्हणतं.
एरवी पत्रे मोजून मिळायचे आम्हाला,
मास्तर आणायचे कारखान्याच्या भंगारातून,
स्वतःच्या गाडीच्या डिकीत, दोरीनं बांधून.

नातेलाला चौऱ्याण्णव.
मला सत्त्याहत्तर.
मग कुणीतरी म्हणालं, मास्तर, तुम्ही?

मास्तरांनी हात हवेत धरला.
बराच वेळ काहीच केलं नाही,
नुसते उभे, मान कलती,
दाराबाहेर कुणी आलंय का ऐकावं तसे.
एक्केचाळीस.

बाद्री हसला, आणि एकटाच पडला.

हेल्मेट काढलं. कपाळावर त्याचा वळ.
म्हणाले, "मुका आहे हा.
खरा सांधा बोलतो पोरांनो,
तापल्या तेलात मासा सोडावा तसा, एका सुरात.
सूर फाटला की समजायचं, हात चुकला.
मी बघतो कुठे? मी ऐकतो."

त्याच दुपारी खाली शेडमध्ये
चौऱ्याण्णववाल्या नातेलाची कांडी
पत्र्याला चिकटली ती चिकटलीच.
धूर, आरडाओरडा, तिचे डोळे भरलेले.
मास्तरांनी तिचं मनगट धरून एक हिसका दिला.
"काचेमागे तसाही अंधारच असतो. ऐक."

सोमवारी त्यांनी नातेलाचा फोन मागून घेतला,
चामडी हातमोज्यात गुंडाळून
टेबलाच्या कडेला ठेवला आणि वेल्डिंग केलं,
मुद्दाम चांगलं, मुद्दाम वाईट.
आता वर्गाच्या ग्रुपवर सात ध्वनिफिती आहेत.
पहिलीचं नाव "असं".
तिसरीचं "असं नाही".
सातवीचं "बाद्री".

बसमध्ये कानात घालून ऐकतो मी.
शेजारची बाई विचारते, पाऊस का रे?
मासे, मी म्हणतो.

आणि वरच्या खोलीत, शाळा सुटल्यावर,
दिवा असतो म्हणे.
यंत्राच्या यादीत अगदी तळाला
काल कुणीतरी गोचा म्हणून
त्रेपन्नावर पोचलाय.