तिसरा माग

पुण्याच्या संपादकांनी कथा परत पाठवली.
समासात लाल शाईनं : "इथे दार करकरू द्या.
घुबड चालेल. कुत्र्याचं रडणंही."

आमच्या भद्रावती पेठेत दार नाही, शटर आहे.
ते करकरत नाही, अख्खा बोळ उठवतं.
कुत्री रोजच रडतात,
कुणी कूससुद्धा बदलत नाही.
आणि घुबड आलंच तर बसणार कुठं?
वायरींवर टॉवेल वाळत असतात.

इथं भीती उलट्या बाजूनं विणावी लागते.

खटाक-खट, खटाक-खट, चोवीस तास.
त्यावर आम्ही जेवलो, भांडलो, पाळणे हलवले,
मी दहावीची प्रमेयं त्याच तालात पाठ केली.
सोलापुरात हा आवाज कुणाला येतच नाही,
स्वतःच्या नाकाचं टोक दिसत नाही तसा.

म्हणून लिहिलं :
रात्री सव्वादोनला लाइट गेली.
माग थांबले. एकेक करून नाही, सगळे एकदम.
आणि पडलेल्या त्या भोकातून आलं
मोरीतल्या नळाचं ठिबकणं,
अव्वाच्या कात्रीचं कच्च, कच्च
(तेंदूची पानं ती अंधारातही कापते,
हजार विड्यांना उजेड लागत नाही),
आणि या दोहोंच्या मध्ये कुणीतरी
आवंढा गिळल्याचा आवाज झाला.

"आवाज झाला" खोडलं.
आवंढा पुरे आहे.
"भयाण" खोडलं. "अचानक" दोनदा खोडलं.
"किर्र" बराच वेळ ठेवलं होतं, मग तेही गेलं :
रात्रीला किर्र म्हटलं की वाचणारा निर्धास्त होतो,
ओळखीचा रस्ता लागल्यासारखा.

नायनाला दिली वाचायला.
चाळीस वर्षं, आधी मेरगूंच्या कारखान्यात,
मग घरच्या तीन मागांवर.
कान मागांनी केव्हाच नेले.
बोट ठेवून, ओठ हलवत वाचतो तो.
"कच्च"पाशी बोट थांबलं.
अव्वाकडे बघून म्हणाला,
"तुझी कात्री अशी बोलते होय?"
अव्वा हसली. मग हसायची थांबली.
लग्नाला छत्तीस वर्षं झालीत त्यांच्या.

घाबरलास का? मी खुणेनं विचारलं.
"कशाला? माझी लाइट कायमचीच गेलीय."

परवा ती खरीच गेली.
पेठ थांबली. मी वही छातीशी धरून पडले होते,
ऐकत, म्हणजे चोरत.
नळ. कात्री.
लांब एक कुत्रं, घ्या, संपादकांचं.

नायना उठून बसला.
पाय फरशीवर टेकवले आणि तसेच ठेवले.
मग तळवा भिंतीला लावला.
भिंतीपलीकडे आमचे माग. दोन.
तिसरा गेल्या दिवाळीत भंगारात दिला, किलोवर;
वजन मीच लिहून घेतलं होतं.

माझ्याकडे वळून, मोठ्यानं,
न ऐकू येणारी माणसं बोलतात तसं,
तेलुगूत म्हणाला,
"तिसऱ्यावर कोण बसलंय?"

कात्री थांबली.

मी ऐकलं. जेवढं ऐकता येतं तेवढं सगळं.
नळसुद्धा नव्हता.
नायनाची बोटं भिंतीवर
हळूहळू ताल धरत होती,
आपला नाही, जरा लंगडा,
दर चौथ्याला एक ठोका गाळणारा.
कारागीर ठोक्यावरून ओळखू येतो,
असं तोच सांगायचा.
त्यानं ओळखलं असावं. चेहरा तसा झाला.

मग मीही उजवा हात पुढे केला.
भिंत बोटभर अंतरावर.

संपादकसाहेब, सुधारलेली प्रत सोबत आहे.
दार करकरत नाही, क्षमस्व.
अक्षर वाकडं आलंय तेही समजून घ्या,
डाव्या हातानं लिहितेय.