तिसरं नको

याझ्दमध्ये, आमच्या गल्लीच्या टोकाला,
टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले फरामर्झ
रिकामे बसले नाहीत, एवढं खरं.
मोडीत निघालेल्या एक्स्चेंजमधल्या
स्प्रिंगा, खटके, पितळी दात
पिशवी भरून घरी आणले होते त्यांनी.
तूबाखानमच्या शब्दांत सांगायचं तर
"या माणसाने भांड्याकुंड्यांना मानपान शिकवायला घेतला."

पहिला शिकला दिवा.
तुम्ही वाकलात की तो वाकायचा, तुमच्याहून बोटभर जास्त.
तुम्ही आणखी वाकलात, तर तोही.
शिंपी नौझर हार मानणाऱ्यांतले नव्हते.
चहा घेऊन तूबाखानम आल्या तेव्हा
दोघांची कपाळं गालिच्याला टेकलेली
आणि खोलीत अंधार.

मग दार.
डावी फळी म्हणे, आधी तू.
उजवी म्हणे, छे, माझ्या डोळ्यांवर पाऊल ठेव, आधी तू.
बाहेर तूबाखानम, हातातल्या रोट्या गार,
आत फरामर्झ तेलाची कुपी घेऊन
दोघींची समजूत काढताहेत.
शेवटी त्या खिडकीतून आल्या.
त्यानंतर दोन दिवस त्या घरात
कोणी कोणाला आधी म्हटलं नाही,
नंतरही नाही.

पण डबी!
पितळेची, मुठीपेक्षा थोडी मोठी,
आत साखर माखलेले बदाम.
पुढे केली की पाहुण्याने मागे सारायची:
नको, आत्ताच जेवून आलो.
टक्.
पुन्हा पुढे. पुन्हा मागे: खरंच नको, तुमचे हात दुखतील.
टक्.
तिसरं नको झालं की आतली स्प्रिंग पुरती ताणली जाई
आणि झाकण आपणहून उघडे,
जणू दोघांचाही नाइलाज झाला.
नकारावर चालणारं यंत्र.
गल्ली खूश. माणसं पोट भरलेलं असताना
नको म्हणायला मुद्दाम येऊ लागली.

एका दुपारी रोट्या पोचवायला शुजा आला,
हेरातहून आलेल्या भट्टीवाल्याचा, सहा वर्षांचा,
भुवयांवर पीठ.
फरामर्झनी डबी पुढे केली.
"हो," शुजा म्हणाला.
डबी गप्प.
त्याने झाकण ओढलं, टिचकी मारली,
कानाशी धरून हलवलं. बदाम खुळखुळले.
"आजोबा, हिला 'हो' येत नाही?"

चाळीस वर्षं तारा जोडल्या होत्या या माणसाने,
इकडचा श्वाससुद्धा तिकडे ऐकू जाईल अशा.
त्यांनी घाईघाईने डबी तीनदा मागे सारली,
पोराच्या वाटचे नकार स्वतःच दिले,
मूठ भरली त्याची.
तरी जेवताना घास फिरत राहिला तोंडात.

रात्रभर कानशीचा आवाज.
सकाळी डबीच्या बुडाशी एक भोक होतं,
सहा वर्षांच्या करंगळीएवढं.
बोट घालायचं, बदाम घरंगळत तळहातावर.
सारणं नाही, मोजणं नाही.
मुंग्यांना ते आधी कळलं, मग शुजाला,
मग शुजाच्या तीन बहिणींना.
मोठे पाहुणे आले की मात्र तूबाखानम
भोकाची बाजू भिंतीकडे करत.

नौरोजला किरमाणहून त्यांचे मेहुणे आले, हुशमंद.
भलतेच भिडस्त. तीनावर कधी थांबले नाहीत,
सात नकार सहज; एका लग्नात अकरा,
आणि मग उपाशीच घरी गेले होते.
डबी टकटकून दमली,
झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.
नको हो, नको, साखर मला चालतच नाही.

संध्याकाळी तूबाखानम चहाचा तबक घेऊन आल्या
तर खोलीत हुशमंद एकटे,
पाठमोरे, भिंतीकडे सरकलेले,
आणि करंगळी
दुसऱ्या पेरापर्यंत डबीत अडकलेली.

तूबाखानम उंबऱ्यावर थांबल्या.
तबक हलकेच खाली ठेवला.
मग दिव्याकडे वळून त्या वाकल्या.
दिवा वाकला.
गुडघे दुखत होते, तरी आणखी वाकल्या,
दिवाही, बोटभर जास्त,
गालिच्यापर्यंत, पार गालिच्यापर्यंत.

अंधारात आधी काहीच ऐकू आलं नाही.
मग एक बारीकसा पॉक्,
आणि बदाम घरंगळल्याचा आवाज,
एक, दोन,
बराच वेळ.