फुटाला पाव इंच

गराज बारा बाय वीस फुटांचं.
त्यात गाडी, बर्फ ढकलायचं यंत्र, हिवाळ्याचे चार टायर,
सात वर्षं तळ्याचं तोंड न पाहिलेली होडी,
आणि तापानीचं म्हणणं: यंदा तुला इथे मोरी करून देतो.

मी लोकर रंगवते.
कांद्याची सालं, भूर्जाची पानं, खडकांवरून खरवडलेलं दगडफूल.
दगडफूल उकळलं की स्वयंपाकघराला
तीन दिवस ओल्या कुत्र्याचा वास येतो.
तेव्हा मोरी माझी, गरज त्याची.

मे महिन्यात, थंडर बेचं बर्फ एकदाचं सरल्यावर
त्याने भिंतीवरचा जुना प्लायवुड उचकटला.
मागे उभे वासे, वाशांवर पेन्सिलच्या रेघा:
फळी, फळी, फळी,
मग एक वर्तुळ, शेजारी आकडा अडतीस.
हात वासिलचा. त्याच्याकडून घर घेतलं
त्याला सव्वीस वर्षं झाली, तो जाऊन वीस.

परास्का अजून आहे. वृद्धाश्रमात, ब्याण्णव वर्षांची, कान शाबूत.
फोनवर म्हणाली, "ते वर्तुळ? सिंक आहे ते. कोबी धुवायला.
एकोणीस वर्षं म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात."
मग जरा थांबून, "कितीवर काढलंय?"
"अडतीस इंच."
"बघ. स्वतःच्या उंचीचं.
कोबी मी धुणार होते."

तापानी काही बोलला नाही.
मला भिंतीशी उभं केलं, कोपर दुमडायला लावलं
आणि तेहेतीसवर खूण केली.
वासिलची रेघ खोडली नाही,
पाच इंच वर ती आहे तशी आहे.

मग पाणसळ.
गराजची जमीन मुळातच दाराकडे कलती ओतलेली,
वितळलेलं बर्फ आपलं आपण निघून जावं म्हणून.
त्यामुळे कपाटाचा एक पाय आखूड, एक लांब,
तिसऱ्याखाली पाचर,
तेव्हा कुठे बुडबुडा मध्ये येऊन बसला.
सरळ उभ्या वस्तूंचे पाय मी आता आधी बघते.

मोरी बिडाची, बंद पडलेल्या इस्पितळाच्या धुलाईघरातली,
चाळीस डॉलरला.
उचलून आणताना एत्तोरेचे दोन्ही भाचे
इटालियनमध्ये जे म्हणाले ते मला कळलं नाही, आणि कळलंही.
एत्तोरेने पाइप घराच्या बाजूने घेतला,
बाहेरच्या भिंतीत जानेवारी असतो.
"उतार फुटाला पाव इंच," तो गुडघ्यांवरून म्हणाला.
"जास्त दिलात तर पाणी पळतं, गाळ मागे राहतो.
कमी दिलात तर दोघं राहतात."
मी तापानीकडे बघितलं.
एत्तोरे फक्त पाइपबद्दल बोलत होता.

नळ आधी खोकला,
मग गंज ओकला,
मग सुपीरिअरचं गार पाणी, बोटं बधिर करणारं.
पहिली लड पिळली ती विटकरी,
मोरीत धुरकट लाल रंग फिरला, रेंगाळला, गेला.
गाळ मागे राहिला नाही.

टायर वर टांगले. खिळ्यांच्या बरण्यांना खण मिळाले.
होडी एत्तोरेच्या भाच्यांनी नेली.
गाडी आत जाते, पण कपाटामुळे
माझ्या बाजूचं दार उघडत नाही.
म्हणून तापानी बाहेर थांबतो, उणे अठ्ठावीसमध्ये.
पाण्याला उतार लागतो, मला उतरावं लागतं.

काल उतरता उतरता म्हटलं,
कपाट सहा इंचांनी उथळ करता येईल का?
"येईल की," तो म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात."

मी आत गेले,
त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली,
आणि करवत कुठल्या खणात आहे ते विचारलं.